इत्सिंग : नालंदेत दात घासण्याचा विनय पाहिलेला भिक्खू

चिनी बौद्ध प्रवासी म्हटले की आपल्याला दोन नावे आठवतात, फाहियान आणि ह्युएनत्संग. तिसरे नाव भदंत इत्सिंग यांचे. शाळेच्या पुस्तकात ते असलेच तर एका ओळीत उरकलेले असते. राजे, राजधान्या, स्तूप आणि दंतकथा यांबद्दल पहिल्या दोघांनी भरपूर लिहून ठेवले. इत्सिंग यांनी लिहिले ते भिक्खू सकाळी कसे उठतात, पाणी कसे गाळतात, जेवायला कसे बसतात, आजारी पडले तर काय करतात आणि दात कसे घासतात याबद्दल. इतिहास शिकवणाऱ्यांना हे किरकोळ वाटत असावे. आम्हाला ते किरकोळ वाटत नाही.

वस्त्यांमध्ये आरोग्याचे काम करताना आम्ही एक गोष्ट सतत पाहतो. शिबिरात रक्तदाब मोजतात, साखर तपासतात, डोळे तपासतात, पण तोंड उघडायला सहसा कोणी सांगत नाही. हिरड्यांतून रक्त येते हे लोक आपणहून सांगत नाहीत, कारण तो आजार आहे असे त्यांना वाटतच नाही. दात हलायला लागला की वय झाले म्हणायचे आणि पडला की सुटलो म्हणायचे. जेवण ज्या दारातून शरीरात जाते त्या दाराची आपल्याकडे ही अवस्था आहे. म्हणूनच, दात घासण्यावर आपल्या ग्रंथातले एक स्वतंत्र प्रकरण खर्ची घालणाऱ्या या भिक्खूचे चरित्र आज सांगावेसे वाटते.

दोन गुरू आणि एक प्रश्न

इत्सिंग यांचा जन्म इ. स. ६३५ सालचा. चीनवर तेव्हा तांग घराण्याचे राज्य होते. वयाच्या सातव्या वर्षी ते विहारात आले आणि शान्यू व हुईशी या दोन गुरूंच्या हाताखाली वाढले. शान्यू अनेक विद्यांमध्ये पारंगत होते. इत्सिंग बारा वर्षांचे असतानाच ते गेले. हुईशी यांचा भर आचरणावर होता. इत्सिंग यांना उपसंपदा देऊन भिक्खू केले ते त्यांनीच, आणि त्यानंतरची पाच वर्षे शिष्याने केवळ विनयाच्या अभ्यासात घालवली. कित्येक वर्षांनी परदेशात बसून ग्रंथ लिहिताना इत्सिंग यांनी त्याचा शेवट या दोन गुरूंच्या आठवणींनी केला. बाकी ग्रंथ नियमांचा आणि शिस्तीचा आहे, शेवटची पाने मात्र लेकराने आईबापांबद्दल लिहावीत तशी आहेत.

विनय म्हणजे भिक्खू संघाची आचारसंहिता. काय खावे, केव्हा खावे, चीवर कसे नेसावे, आजाऱ्याची सेवा कोणी करावी, भांडण कसे मिटवावे, सगळे त्यात येते. चीनमध्ये विनयाची भाषांतरे झाली होती, पण एका संप्रदायाचा नियम दुसऱ्यात मिसळत होता. भाष्यांवर भाष्ये लिहिली जात होती, तरीही एखादी साधी गोष्ट प्रत्यक्षात कशी करतात हे सांगणारा माणूस मिळत नव्हता. पुस्तकात नियम आहे, पण तो पाळायचा कसा? हा प्रश्न घेऊन इत्सिंग यांना भारतात जायचे होते. अठराव्या वर्षी मनात आलेली ही इच्छा पुरी व्हायला सदतिसावे वर्ष उजाडले.

निघण्याआधी ते शान्यू यांच्या समाधीवर जाऊन आले आणि हुईशी यांची परवानगी घेतली. सोबत यायला तयार झालेले मित्र एकेक करून मागे फिरले. कोणाला घरची अडचण होती, कोणाचा विचार बदलला. अखेर एक तरुण शिष्य तेवढा बरोबर राहिला.

समुद्रमार्गे तामलुकपर्यंत

ह्युएनत्संग वाळवंट आणि डोंगर तुडवत आले होते. इत्सिंग यांनी समुद्राची वाट धरली. ६७१ साली कँटनहून, म्हणजे आजच्या ग्वांगझोऊहून, ते एका पर्शियन व्यापाऱ्याच्या जहाजावर चढले. वीस दिवसांच्या आत ते श्रीविजयला पोहोचले. हे राज्य आजच्या इंडोनेशियातील सुमात्रा बेटावर, पालेंबांगच्या परिसरात होते. तिथे सहा महिने राहून त्यांनी संस्कृत व्याकरणाचा पाया घातला. बरोबरचा शिष्य आजारी पडून इथूनच परत गेला.

श्रीविजयमध्ये तेव्हा हजाराहून अधिक भिक्खू होते आणि त्यांचा अभ्यास भारतातल्यासारखाच चालत असे. भारतात जाऊ इच्छिणाऱ्या चिनी भिक्खूंनी आधी एक-दोन वर्षे इथे राहून तयारी करावी असा सल्ला इत्सिंग यांनी पुढे लिहून ठेवला. पुढे मलायू, केडा आणि निकोबार बेटे करत ६७३ साली ते बंगालमधील ताम्रलिप्तीला उतरले. हेच आजचे तामलुक. तिथे त्यांना ता-चेंग-तेंग नावाचे ज्येष्ठ चिनी भिक्खू भेटले. ते बरीच वर्षे भारतात राहिलेले होते. त्यांच्याजवळ वर्षभर राहून इत्सिंग यांनी संस्कृत पक्के केले आणि मग दोघे शेकडो व्यापाऱ्यांच्या तांड्याबरोबर मगधाकडे निघाले.

वाटेत जे घडले ते त्यांनी स्वतः लिहिले आहे. बोधगया दहा दिवसांच्या अंतरावर असताना एका डोंगरखिंडीत ते आजारी पडले. अंगात त्राण नव्हते, चार पावले टाकून थांबावे लागे. तांडा पुढे निघून गेला. संध्याकाळी दरोडेखोरांनी त्यांना एकटे गाठले आणि अंगावरचे कपडेसुद्धा काढून नेले. त्या भागात गोऱ्या रंगाच्या माणसाला धरून देवाला बळी देतात अशी वदंता त्यांच्या कानांवर आली होती. म्हणून त्यांनी चिखलाच्या डबक्यात उतरून सगळ्या अंगाला चिखल फासला, पाने लपेटली आणि काठीच्या आधाराने चालत राहिले. रात्र बरीच झाल्यावर ते मुक्कामाच्या गावाशी आले. ता-चेंग-तेंग बाहेरून हाका मारत होते. त्यांनी वस्त्र दिले, आणि इत्सिंग यांनी तळ्यात अंग धुऊन गावात पाऊल टाकले.

पुढे लिहिताना आजारी माणसाच्या बाबतीत ते इतके बारीक का झाले, हे हा प्रसंग वाचल्यावर समजते. आजारपण माणसाला एकटे पाडते हे त्यांनी अंगावर घेतलेले होते.

नालंदेची सकाळ

नालंदेत इत्सिंग सुमारे दहा वर्षे राहिले. बोधगया, राजगृह, वैशाली, कुशीनगर, सारनाथ ही स्थळे त्यांनी पाहिली, पण त्यांचा जीव रमला तो नालंदेच्या रोजच्या जगण्यात. त्यांच्या वेळी तिथे तीन हजारांहून अधिक भिक्खू होते. आठ मोठी दालने आणि तीनशे खोल्या होत्या. विहाराच्या खर्चासाठी दोनशेहून अधिक गावांचे उत्पन्न लावून दिलेले होते. आजूबाजूला दहापेक्षा जास्त मोठी तळी होती. सकाळी घंटा झाली की भिक्खू आपापले स्नानवस्त्र घेऊन शेकड्यांनी तळ्यांकडे निघत. अंघोळ जेवणाआधी करायची, जेवणानंतर नाही, हा नियम होता. पाणी गाळल्याशिवाय वापरायचे नाही. पिण्याच्या पाण्याचे भांडे वेगळे, शौचाच्या पाण्याचे वेगळे.

आणि सकाळी उठल्यावर पहिले काम दंतकाष्ठाचे, म्हणजे दात घासण्याच्या काडीचे. आपल्याकडे अजून खेड्यांत कडुनिंबाची किंवा बाभळीची काडी वापरतात, तीच ही परंपरा. इत्सिंग यांच्या चाळीस प्रकरणांच्या ग्रंथातले आठवे प्रकरण या काडीचे आहे. काडी बारा बोटे लांब असावी, निदान आठ बोटे तरी हवीच, आणि जाडी करंगळीएवढी. एक टोक सावकाश चावून मऊ करायचे आणि त्याने एकूण एक दात घासायचा. मग काडी उभी चिरून तिने जीभ खरवडायची आणि चूळ भरायची. ज्येष्ठ भिक्खूंसमोर हे करायचे नाही, बाजूला जायचे, डाव्या हाताने तोंड झाकायचे. वापरलेली काडी धुऊन टाकायची आणि टाकण्याआधी खोकून किंवा चुटकी वाजवून इशारा द्यायचा. जेवण झाल्यावर पुन्हा दात आणि जीभ स्वच्छ करायची.

हे वाचून कोणी हसेल. पण ही शिकवण इत्सिंग यांची स्वतःची नव्हती, तिचे मूळ तथागतांच्या विनयात आहे. पाली विनयाच्या चुल्लवग्गात याची कथा येते. भिक्खू दात घासत नव्हते आणि त्यांच्या तोंडाला वास येत होता. ही गोष्ट तथागतांपर्यंत गेली तेव्हा त्यांनी दंतकाष्ठाची अनुज्ञा दिली आणि न वापरण्याचे पाच तोटे सांगितले. डोळ्यांना अपाय, तोंडाला दुर्गंधी, चवीच्या वाहिन्या अशुद्ध राहणे, पित्त व कफाने अन्न वेढले जाणे आणि जेवणाची गोडी न लागणे, असे ते पाच. पुढे काही भिक्खू लांबलचक काड्या वापरू लागले आणि त्यांनीच सामणेरांना मारू लागले, तेव्हा लांबीवर आठ बोटांची मर्यादा आली. मग कोणी फार आखूड काडी घेतली आणि ती घशात अडकली, म्हणून चार बोटांपेक्षा कमी नको असे ठरले. इत्सिंग यांनी पाहिलेला विनय मूलसर्वास्तिवाद संप्रदायाचा होता, म्हणून त्यांची मापे पालीपेक्षा वेगळी. मापे बदलली तरी काळजी तीच आहे.

सकाळी उपाध्यायांना काडी आणि तोंड धुवायला पाणी देणे हे शिष्याचे कर्तव्य म्हणून विनयात नोंदवलेले आहे. शिष्य आजारी असेल तर तेच काम उपाध्यायांनी शिष्यासाठी करायचे.

दातांच्या मुळाशी साचलेला दगड

या प्रकरणातली एक नोंद आम्हाला फार महत्त्वाची वाटते. दातांच्या मुळाशी कठीण मळ साचतो आणि नियमित घासण्याने तो जातो, असे इत्सिंग लिहितात. भारतात दातदुखी क्वचितच आढळते आणि याचे कारण ही काडी आहे, असेही ते नोंदवतात.

दाताच्या मुळाशी साचणाऱ्या त्या कठीण मळाला आपण किटण म्हणतो. दात नीट घासले नाहीत तर त्यांवर जिवाणूंचा चिकट थर बसतो. लाळेतील क्षार त्यात मिसळले की थर कडक होतो. हिरड्या सुजतात, लाल होतात, घासताना रक्त येते. इथपर्यंत आजार पूर्ण बरा होण्यासारखा असतो. दुर्लक्ष केले तर हिरडी दातापासून सुटते, खाली खाच पडते, त्या खाचेत जिवाणू वाढतात आणि दाताला धरून ठेवणारे हाडच झिजू लागते. लोक याला पायोरिया म्हणतात. झिजलेले हाड आपोआप भरून येत नाही. दुखणे बहुतेक वेळा उशिरा सुरू होते, म्हणून माणूस डॉक्टरकडे जातो तेव्हा दात हलत असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार हिरड्यांचा गंभीर आजार जगातल्या एक अब्जाहून अधिक लोकांना आहे.

हा आजार तोंडापुरता राहत नाही. सुजलेल्या हिरडीच्या आतली बाजू म्हणजे एक उघडी जखम असते. चावताना, घासताना त्या जखमेतून जिवाणू रक्तात उतरतात आणि शरीरातली दाहाची प्रक्रिया सतत धुमसत राहते. सगळ्यात पक्का संबंध मधुमेहाशी आहे, आणि तो दोन्ही बाजूंनी आहे. साखर ताब्यात नसेल तर हिरड्या लवकर बिघडतात, आणि हिरड्या बिघडल्या तर साखर ताब्यात येणे अवघड होते. हिरड्यांवर खोलवर उपचार केले तर तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, म्हणजे एचबीए१सी, पुढच्या तीन-चार महिन्यांत सरासरी ०.४ च्या आसपास खाली येतो असे अनेक चाचण्यांच्या एकत्रित अभ्यासातून दिसले आहे. हा आकडा छोटा दिसतो, पण मधुमेहाच्या औषधात आणखी एका गोळीची भर घालून कधीकधी एवढाच फरक पडतो.

हृदयविकार आणि पक्षाघात यांच्याशीही हिरड्यांच्या आजाराचा संबंध दिसतो. ज्यांच्या हिरड्या खराब, त्यांच्यात हे आजार जास्त आढळतात. पण हिरड्यांमुळेच हृदयविकार होतो असे सिद्ध झालेले नाही. तंबाखू, साखर, गरिबी ही कारणे दोन्हींच्या मुळाशी असतात. जेवढा पुरावा आहे तेवढेच बोलावे, हेही कालामांना दिलेल्या उपदेशाला धरूनच आहे.

म्हणूनच इत्सिंग यांचेही सगळे खरे मानायचे कारण नाही. किटण एकदा कडक झाले की काडीने किंवा ब्रशने निघत नाही, ते दंतवैद्याकडूनच काढून घ्यावे लागते. पोट बिघडले किंवा ताप आला तर उपवास हे मोठे औषध आहे असे ते मानत. मधुमेहाची औषधे घेणाऱ्याने मनाने उपवास केला तर जिवावर बेतू शकते. मात्र अंधश्रद्धेवर त्यांनी केलेली टीका आजही लागू पडते. चीनमध्ये काही लोक काडीचा रस गिळत आणि त्याने रोग बरे होतात असे समजत. स्वच्छ व्हायला गेलेला माणूस त्याने घाणच पोटात घेतो, असे इत्सिंग यांचे म्हणणे. विष्ठा आणि मूत्र औषध म्हणून देण्याच्या तिकडच्या रिवाजावरही त्यांनी कडक शब्दांत कोरडे ओढले. त्यांनी वैद्यकाचाही अभ्यास केला होता, पण हे आपले मुख्य काम नाही म्हणून तो सोडून दिला. महागडी औषधे गरिबाच्या आवाक्याबाहेर राहतात ही खंत मात्र त्यांच्या लिखाणात उमटते, आणि म्हणूनच ज्याला पैसा लागत नाही अशा उपायांवर त्यांचा भर होता.

स्वच्छता आणि विटाळ

इथे एका गोष्टीचा विचार आपल्या समाजाने जरूर करावा. इत्सिंग यांच्या नियमानुसार सकाळी तोंड धुतलेले नसेल किंवा जेवल्यावर चूळ भरलेली नसेल, तर त्या भिक्खूने कोणाला वंदन करायचे नाही आणि कोणाचे वंदन घ्यायचेही नाही. वरवर पाहता हा विटाळासारखा वाटेल. पण नीट पाहा. हा नियम गुरूला आणि शिष्याला सारखाच लागू आहे. तो जन्मावर अवलंबून नाही, काय केले आणि काय केले नाही यावर अवलंबून आहे. आणि एक काडी व तांब्याभर पाणी मिळाले की तो संपतो.

जातीचा विटाळ याच्या नेमका उलटा. तो जन्माने चिकटतो आणि कितीही पाणी ओतले तरी जात नाही, उलट पाण्यालाच हात लावू देत नाही. महाडला चवदार तळ्यावर १९२७ साली बाबासाहेबांना सत्याग्रह करावा लागला तो यासाठीच. भारतीय समाजातल्या शुद्ध-अशुद्ध कल्पना इत्सिंग यांनी बऱ्याच अंशी कौतुकाने टिपल्या, त्यांची चिकित्सा केली नाही, हेही सांगितले पाहिजे. उष्ट्या-खरकट्याबद्दलचे त्यांचे नियम जसेच्या तसे उचलण्याची आपल्याला गरज नाही. पण स्वच्छता ही विटाळवाल्यांची मक्तेदारी नव्हती. ती आपल्या विनयात होती, आणि तिथे ती कोणाला दूर ठेवण्यासाठी नसून सर्वांच्या आरोग्यासाठी होती.

परतीची वाट

६८५ साली इत्सिंग नालंदेतून निघाले. बरोबर सुमारे चारशे ग्रंथ होते, श्लोकांत मोजले तर पाच लाख. ताम्रलिप्तीच्या वाटेवर पुन्हा दरोडेखोरांनी गाठले, पण जीव आणि ग्रंथ दोन्ही वाचले. ते श्रीविजयला येऊन राहिले आणि भाषांतराला लागले. काम मोठे, हात एकच, आणि कागद व शाई तिथे मिळेना.

६८९ साली एक विलक्षण गोष्ट घडली. कागद, शाई आणि नकला करणारे लेखनिक पाठवा अशी चिठ्ठी देण्यासाठी ते बंदरात लागलेल्या चीनच्या जहाजावर चढले. तेवढ्यात अनुकूल वारा सुटला, शिडे भरली आणि जहाज त्यांना घेऊनच निघाले. ते कँटनला पोहोचले, ग्रंथ श्रीविजयमध्येच. अठरा वर्षांनी मायदेशी पाय लागला होता. दुसरा कोणी तिथेच राहिला असता. इत्सिंग यांनी मदतीला काही भिक्खू जमवले आणि त्याच वर्षी परत जहाज धरले.

श्रीविजयमध्ये त्यांनी दोन ग्रंथ पूर्ण केले. एक म्हणजे भारत आणि दक्षिणेकडील बेटांतील बौद्ध आचारांचा वृत्तांत, ज्यात दंतकाष्ठाचे प्रकरण आहे. दुसरा म्हणजे धम्माच्या शोधात भारताकडे निघालेल्या ५६ भिक्खूंची चरित्रे. त्यांतले कितीतरी वाटेत मेले, कितीतरी आजारपणात गेले. त्यांची नावे पुसली जाऊ नयेत म्हणून इत्सिंग यांनी ती लिहून ठेवली. ६९२ साली त्यांनी ही हस्तलिखिते एका भिक्खूबरोबर चीनला पाठवली.

६९५ साली ते स्वतः लुओयांगला परतले. सम्राज्ञी वू झेत्यान त्यांच्या स्वागताला नगराच्या पूर्व दरवाजाबाहेर आल्या. इत्सिंग यांना जाऊन चोवीस वर्षे झाली होती. पुढची वर्षे भाषांतरात गेली. त्यांच्या नावावर ५६ ग्रंथांची भाषांतरे, २३० खंडांत नोंदलेली आहेत. मूलसर्वास्तिवाद विनयाचा मोठा भाग चिनी भाषेत आला तो त्यांच्यामुळे. ७१३ साली त्यांचे निधन झाले. चिनी गणनेप्रमाणे तेव्हा ते ७९ वर्षांचे होते. जपानी विद्वान ताकाकुसू यांनी १८९६ साली त्यांच्या वृत्तांताचे इंग्रजी भाषांतर केले आणि नालंदेची ती सकाळ पुन्हा आपल्यापर्यंत आली.

आपण काय घ्यायचे

नालंदेचा अभिमान आपण सगळेच सांगतो. तिथले ग्रंथालय, तिथले आचार्य, तिचा विध्वंस, यांवर आपल्याकडे भाषणे होतात. ते योग्यच आहे. पण नालंदेत तीन हजार माणसे रोज सकाळी दात घासून, अंघोळ करून, गाळलेले पाणी पिऊन मग अभ्यासाला बसत होती, हेही नालंदेचेच वैभव आहे. आणि हे वैभव उभारायला अवशेष खणावे लागत नाहीत, ते उद्या सकाळी आपल्या मोरीत उभे करता येते.

आपल्या वस्त्यांमध्ये दात घासण्याच्या नावाखाली मशेरी लावणाऱ्या आयाबाया आजही आहेत. तंबाखू भाजून केलेली ही पूड दात साफ करत नाही, ती हिरड्या जाळते आणि व्यसन लावते. त्यात गुटखा आणि खर्रा आला. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणानुसार भारतातील २१.४ टक्के प्रौढ लोक धूरविरहित तंबाखू वापरतात. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांची गोष्ट आणखी फसवी. धुरामुळे हिरड्यांतल्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्त कमी येते आणि आजार आत वाढत असताना हिरड्या ठीक आहेत असे वाटत राहते. पंचशीलातले पाचवे शील आपण दर वंदनेला म्हणतो. ते फक्त दारूपुरते आहे अशी सोयीची समजूत आता सोडली पाहिजे.

करायचे काय ते अवघड नाही. मऊ ब्रश आणि फ्लोराइड असलेली साधी पेस्ट, सकाळी एकदा आणि रात्री झोपण्यापूर्वी एकदा. काडी वापरायची सवय असेल तर हरकत नाही, पण हिरड्या रक्तबंबाळ होईपर्यंत घासू नये. घासताना रक्त आले म्हणून तिथे घासणे बंद करू नये, तेच तर स्वच्छतेची गरज असल्याचे लक्षण आहे. रक्त थांबत नसेल, तोंडाला वास येत असेल, दात हलत असेल तर दंतवैद्याला दाखवावे. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत, तिथे कमी खर्चात उपचार होतात. किटण काढल्याने दात सैल होतात ही भीती चुकीची आहे. दात आधीच सैल झालेले असतात, किटणाने ते झाकलेले असते.

ज्यांना मधुमेह आहे त्यांनी साखरेबरोबर हिरड्याही तपासून घ्याव्यात. बाबासाहेबांची अखेरची वर्षे मधुमेहाने किती त्रासाची गेली हे आपल्याला ठाऊक आहे. ज्या समाजाने आपल्या नेत्याला या आजाराने झिजताना पाहिले, त्याने तो अंगावर काढू नये.

आणि विहार समित्यांना आमची एक विनंती आहे. वर्षावासात तीन महिने ग्रंथवाचन चालते. त्यातला एक रविवार तोंडाच्या आरोग्यासाठी ठेवा. जवळच्या दंतवैद्याला बोलवा, मुलांना ब्रश कसा धरायचा ते दाखवा, आज्यांच्या हातातली मशेरीची डबी प्रेमाने काढून घ्या. त्या दिवशी चुल्लवग्गातली काडीची कथा सांगा आणि भदंत इत्सिंग यांचे नाव घ्या. विनय नुसता पुस्तकात वाचून कळत नाही म्हणून हा माणूस समुद्र ओलांडून आपल्या देशात आला होता. त्याने इथे पाहिलेले आपण आपल्याच घरात विसरून बसलो असू, तर ते परत आणायला आपल्याला जहाजाची वाट पाहावी लागणार नाही.